उघड्या सळया

खामगावहून शेगावला जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांची घरं बघत जायची मला सवय आहे. जवळपास प्रत्येक गच्चीवर कॉलमच्या सळया दोन-अडीच फूट वर काढून ठेवलेल्या असतात. कुठे त्यांच्या टोकांवर मडकं पालथं घातलेलं, कुठे पाण्याच्या रिकाम्या बाटल्या, कुठे दोन सळयांना दोरी बांधून वाळत घातलेली लुगडी. त्या सळयांचा अर्थ आमच्याकडे कुणाला विचारावा लागत नाही. पोराचं लग्न ठरलं, कापसाला एखादं वर्ष भाव लागला, की वरचा मजला चढवायचा. सळई गंजते, पण तोवर ती त्या घरानं पुढच्या पिढीसाठी धरून ठेवलेली जागा असते.

दुसऱ्या प्रकारच्या सळया सरकारी असतात. बसस्थानकामागे, बाजार ओट्यांजवळ, नगर परिषदेच्या जागेत. भोवती बाभळी उगवलेल्या, तळघरात पावसाचं पाणी साचलेलं, कोनशिलेवरची नावं उन्हानं पुसट झालेली. या सळयांकडे बघून कुणाला पुढची पिढी आठवत नाही. अमुक साली काम बंद पडलं, एवढंच लोक सांगतात. मी हा लेख लिहायला घेतला तो या दोन प्रकारच्या सळयांचा एकमेकींशी काय संबंध आहे हे शोधण्यासाठी. तो संबंध आमच्या घरातच होता, आणि मला तो फार उशिरा दिसला.

बाबा शिक्षक होते. बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढून एक प्लॉट घेतला. पुढे शहराचा विकास आराखडा आला आणि आमचा प्लॉट नकाशावर हिरवा झाला. बगीच्याचं आरक्षण. बगीचा व्हावा असं बाबांनाही वाटायचं, ते मनापासून म्हणायचे. पण बगीचा झाला नाही, जागेचा मोबदला मिळाला नाही, आणि घर बांधायची परवानगीही मिळेना. बँकेनं कर्जाचा अर्ज पहिल्याच भेटीत परत केला. बाबा भाड्याच्या घरातून निवृत्त झाले आणि भाड्याच्या घरातच गेले. त्यांच्या पेटीत मला घराचा हातानं काढलेला नकाशा सापडला. देवघर कुठे, पाण्याची टाकी कुठे, आईला बसायला ओटा कुठे, सगळं पट्टीनं आखलेलं होतं.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम ३८ प्रमाणे विकास आराखडा वीस वर्षांतून एकदा सुधारावा लागतो. कलम १२७ सांगतं की अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादित झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत प्रशासनानं संपादनाचं पाऊल उचललं नाही, तर आरक्षण संपुष्टात येतं. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती. नंतर बारा झाली, २०१५ मध्ये चोवीस. दहा आणि दोन मिळून बारा वर्षं. एवढा काळ माणसानं हातावर हात ठेवून बसायचं, आणि तेही कलम माहीत असेल तर. बाबांना ते माहीत नव्हतं. आमच्या गावात बहुतेकांना नव्हतं.

मोठ्या शहरात अशा जागेच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे जास्त बांधकाम करायचा हक्क, मिळतो आणि तो विकता येतो. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीनं ही सोय छोट्या शहरांच्याही कागदावर आणली. पण जिथे चार मजल्यांची इमारत ही बातमी असते, तिथे तो हक्क विकत घेणारा बिल्डर कुठून आणायचा? पुण्यात चालणारं नाणं आमच्याकडे वाजत नाही.

शेगावला उतरलं की वेगळंच गाव लागतं. मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन, बाहेर रिक्षांची रांग, कचोरीचा वास, आणि समाधी मंदिराकडे सरकणारी माणसं. श्री गजानन महाराज इथे २३ फेब्रुवारी १८७८ ला प्रकटले असं भक्त मानतात. ८ सप्टेंबर १९१० ला, ऋषिपंचमीच्या दिवशी, त्यांनी समाधी घेतली. संस्थानची शिस्त, स्वच्छता आणि रांगेतल्या म्हाताऱ्या माणसाशीही हात जोडून बोलणारे सेवाधारी यांचं कौतुक महाराष्ट्राला नवं नाही. शिवशंकरभाऊ पाटलांनी आयुष्य घालून ही घडी बसवली. ४ ऑगस्ट २०२१ ला ते गेले त्या दिवशी शेगावच्या बाजारपेठेत पसरलेली शांतता ज्यांनी अनुभवली, त्यांना भाऊंविषयी वेगळं सांगायला नको.

या गावच्या पोटात एक जुनी अडचण आहे. २०११ च्या जनगणनेत शेगावची लोकसंख्या साठ हजारांच्या आत होती. पुढची जनगणना २०२१ मध्ये व्हायची होती, ती लांबली. नगर परिषदेचं पाणी, गटार, कचरागाड्या, सफाई कामगारांची पदं, अनुदान हे सगळं त्या जुन्या आकड्याला बांधलेलं. पण प्रकटदिनाला, रामनवमीला, ऋषिपंचमीला इथे लाखांनी माणूस येतो. महाराजांची पालखी पंढरपूरहून परतते तेव्हा खामगाव ते शेगाव हे सोळा-सतरा किलोमीटर वारकऱ्यांबरोबर पायी चालायला अवघं वऱ्हाड लोटतं. त्या दिवशी या छोट्या गावाला मोठ्या शहराचं काम करावं लागतं. शेगावच्या मध्यवस्तीत अरुंद गल्ल्या आहेत, जुनी माळवदाची घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेली माणसं आहेत. वाढणाऱ्या गर्दीला जागा हवी होती, आणि जागा होती ती या माणसांच्या पायाखाली.

समाधी शताब्दीचं वर्ष २०१० मध्ये येत होतं. त्याच्या तोंडावर, २००९ मध्ये, राज्य सरकारनं सुमारे ३६० कोटींचा शेगाव विकास आराखडा मंजूर केला. रस्ते रुंद करायचे, पाणीपुरवठा वाढवायचा, भुयारी गटार, वाहनतळ, मंदिराजवळच्या वस्त्यांचं पुनर्वसन, गर्दी वरच्यावर नेणारा स्कायवॉक. शताब्दी पार पडली, आराखड्यातली कितीतरी कामं मागेच राहिली. प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे जनहित याचिका होऊन गेला. त्यानंतर वर्षानुवर्षं शेगावची माणसं आपल्या गल्लीची खबर वर्तमानपत्रातल्या न्यायालयीन वृत्तातून वाचत राहिली.

न्यायालयानं हात घातला नसता तर जे झालं तेही झालं नसतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. काही रस्ते रुंद झाले, काही वस्त्यांचा प्रश्न सुटला, अधिकाऱ्यांना तारखेला उत्तर द्यावं लागलं. तरी गावच्या बाजारपेठेतला वाहनतळ कुठे असावा हे नागपूरच्या न्यायदालनात ठरायची पाळी का यावी, हा सल माझ्या मनातून जात नाही. न्यायालय आदेश देऊ शकतं, मुदत घालू शकतं. गल्लीत उभं राहून कोणाचं दुकान किती फूट मागे गेलं तर त्याचा संसार चालेल हे त्याला मोजता येत नाही. ते मोजायला नगरसेवक असतो.

आणि तोच बरीच वर्षं जागेवर नव्हता. बुलडाणा जिल्ह्यात ११ नगर परिषदा आहेत. त्यांतल्या बहुतेकींच्या निवडणुका २०१६ च्या अखेरीस झाल्या होत्या. पाच वर्षांनी मुदत संपली, पण ओबीसी आरक्षणाचा आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात गेल्यामुळे नव्या निवडणुका थेट डिसेंबर २०२५ मध्ये झाल्या. जवळजवळ चार वर्षं प्रशासक. मुख्याधिकारी माणूस चांगला असो नसो, त्याची बदली होते. अर्धवट गटाराचा खड्डा दाखवायला हाताला धरून नेता येईल असं या चार वर्षांत कुणी नव्हतं. पुण्या-मुंबईत याची चर्चा झाली ती महापालिकांपुरती. आमच्या छोट्या गावांत काय साचत गेलं, ते बाहेर फारसं कुणाला कळलं नाही.

शेगावच्या जुन्या भागात ज्यांची घरं रुंदीकरणाच्या रेषेवर आहेत, त्यांचं दुखणं लवकर नजरेला पडत नाही. दारावर गेरूची खूण असते. ती रेष कधी आत येईल हे ठाऊक नसतं. अशा घराचं छप्पर कोण शाकारतो? फरशी कोण बदलतो? दुकानाला नवं शटर कोण बसवतो? पंधरा वर्षं दुरुस्ती पुढे ढकललेलं घर आपोआप मोडकळीला येतं आणि मग पाहणीच्या अहवालात ‘जीर्ण’ अशी नोंद होते. मोबदला त्या नोंदीवर ठरतो. हे चक्र लक्षात आलं तेव्हा मला बाबांच्या पेटीतला नकाशा आठवला. सरकारचं काम अडलं की लोकांचं घर अडतं. दोन सळयांमधला संबंध हाच.

काम अडतं का, याची उत्तरं कार्यालयांत ठरलेली मिळतात. भूसंपादन रखडलं. निधी आला नाही. कंत्राटदारानं काम अर्धवट टाकलं. जादा दराच्या निविदा आल्या. यातलं खोटं काही नाही. अंदाजपत्रकापेक्षा फार कमी दरानं निविदा भरून काम पटकावायचं, पहिली दोन बिलं काढायची आणि मग दर परवडत नाही म्हणून यंत्रं उचलून न्यायची, हे आमच्याकडे सगळ्यांनी पाहिलं आहे. पण प्रामाणिक कंत्राटदारही मरतो. मार्चअखेरीला बिल निघेल या भरवशावर त्यानं सिमेंटवाल्याची उधारी केलेली असते, आणि मार्च येतो नि जातो. २०२५ मध्ये राज्यभरच्या कंत्राटदारांनी थकलेल्या बिलांसाठी आंदोलनं केली. गावातल्या छोट्या ठेकेदाराकडे काम करणाऱ्या गवंड्याला तर आंदोलनाची सोयही नाही. तो पुण्याची गाडी पकडतो.

यंत्रं नाहीत, कसब नाही, असं मात्र कुणी सांगू नये. आमच्या जिल्ह्यातून जाणारा अमरावती ते चिखली हा चौपदरी महामार्ग घ्या. ही चिखली जळगाव जिल्ह्यातली, आमच्या जिल्ह्यातल्या चिखलीशी तिची गल्लत नको. बाळापूर, खामगाव, नांदुरा, मलकापूर या पट्ट्यातल्या माणसांनी या रस्त्यावर दहा वर्षं धूळ खाल्ली. काम आयएल अँड एफएस समूहाकडे होतं. २०१८ मध्ये तो समूहच आर्थिकदृष्ट्या कोसळला, आणि मुंबईतल्या त्या ताळेबंदाचे खड्डे नांदुऱ्याच्या एसटीतल्या प्रवाशांच्या पाठीला लागले. पुढे कामाचे तुकडे पाडून नव्या कंपन्यांना दिले. जून २०२२ मध्ये याच महामार्गाच्या अकोला-अमरावती भागात ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरून गिनीज विक्रम झाला. त्या दिवसांत रात्री दिवे लावून काम करणाऱ्या मजुरांचं मला आजही कौतुक वाटतं. पण मनात हिशेब येतोच. पाच दिवसांत होणारी गोष्ट दहा वर्षं कशामुळे थांबली होती? डांबरामुळे तर नाही.

खामगावात हाच प्रश्न दीडशे वर्षं मागे नेता येतो. एकोणिसाव्या शतकात खामगाव ही देशातल्या सर्वांत मोठ्या कापूसपेठांपैकी एक होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धानं तिथला कापूस तुटला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. मुंबई-नागपूर लोहमार्ग जलंबवरून पुढे गेला होता, तिथून खामगाव १३ किलोमीटर. तेवढा फाटा टाकून झाला आणि मार्च १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः उद्‌घाटनाला आले. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय एका तालुक्याच्या गावात तेरा किलोमीटरची रेल्वे उघडायला येतो, कारण त्या गाडीतून जाणाऱ्या गाठींवर विलायतेतल्या गिरण्या चालणार असतात.

तीच रेल्वे पुढे जालन्याला न्यावी, ही मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. खामगाव, चिखली, देऊळगाव राजा, जालना, सुमारे १६२ किलोमीटर. तेव्हा वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आणि जालना निजामाच्या राज्यात. सरहद्द आडवी होती, आणि या दोन पेठा जोडण्यात विलायतेला काही मिळणार नव्हतं. निजामाचं राज्य गेलं, विलायत गेली, वऱ्हाड आणि मराठवाडा एकाच महाराष्ट्रात आले. सर्वेक्षणं झाली, पुन्हा झाली. रेल्वे संघर्ष समित्यांची उपोषणं झाली. आजोबांनी ज्या निवेदनावर सही केली त्याच मजकुराच्या निवेदनावर नातवानं सही केली, अशी घरं चिखलीत आहेत. २०२४ मध्ये राज्य सरकारनं निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली तेव्हा पुन्हा पेढे वाटले गेले. बुलडाणा हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे आजही रेल्वे नाही. मुंबईला जायचं तर घाट उतरून मलकापूर गाठायचं.

रेल्वेची वाट बघणारी जमीनही अडते. ‘नियोजित रेल्वे स्टेशनलगत’ अशा पाट्या लावून शेतांचे प्लॉट पाडले जातात, जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, झाली किंवा होणार असं सांगितलं जातं, आणि शिक्षक, पोलीस, एसटीचे वाहक आपली पुंजी त्यात घालतात. पुढे ती जमीन ना शेत राहते ना वस्ती होते. दगडाचे चार खुंट आणि काँग्रेस गवत.

समृद्धी महामार्गाचं वेगळं झालं. तो अडला नाही. नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला ७०१ किलोमीटरचा पूर्ण रस्ता खुला झाला. मेहकर, सिंदखेडराजा भागातले शेतकरी आता मुंबईचा बाजार एका रात्रीच्या अंतरावर बघतात, हे खरं आहे आणि चांगलं आहे. पण त्या रस्त्याबरोबर नवनगरांचं वचन होतं. कृषी समृद्धी केंद्र असं त्यांचं नाव. सिंदखेडराजा तालुक्यात माळसावरगावच्या परिसरात असं शहर वसणार होतं. जमीन देणाऱ्याला विकसित भूखंड मिळणार, गोदामं, प्रक्रिया उद्योग, शाळा, दवाखाना येणार. रस्ता धावू लागला, शहर नकाशात राहिलं. ज्यांनी शहर येणार म्हणून विहिरीची खोदाई थांबवली, त्यांच्याविषयी मी अधिक काही लिहू शकत नाही, मला त्रास होतो.

या सगळ्याहून मोठं अडलेलं बांधकाम शहरात नाही. नांदुऱ्याहून जळगाव जामोदच्या रस्त्याला लागलं की येरळीचा पूर्णेवरचा पूल येतो. याच नदीवर, नांदुरा तालुक्यात, जिगाव प्रकल्प उभा राहतो आहे. हा सगळा खारपाण पट्टा. जमिनीतलं पाणी खारट, पिकाला चालत नाही, माणसाला पचत नाही. मूत्रपिंडाच्या आजारानं खचलेली घरं संग्रामपूर, जळगाव जामोद तालुक्यांत गावोगाव आहेत. म्हणून हे धरण नको असं मला कधीच म्हणता आलं नाही. गोड पाण्याची इतकी गरज असलेला मुलूख दुसरा दाखवावा लागेल. एक लाख हेक्टरच्या आसपास सिंचनाचं उद्दिष्ट आहे.

नव्वदच्या दशकात प्रकल्पाला मान्यता मिळाली तेव्हा खर्च होता ३९४ कोटी. तो वाढत वाढत १३,८७४ कोटींवर गेला. पस्तीस पट. पाटबंधारे खात्यात सुधारित प्रशासकीय मान्यतेला ‘सुप्रमा’ म्हणतात. आमच्याकडे धरणग्रस्त गावातल्या पारावर बसलेल्या निरक्षर म्हाताऱ्यालाही हा शब्द येतो. पहिली सुप्रमा, दुसरी सुप्रमा असं तो बोटांवर सांगतो, पीकपाणी सांगावं तसं. खर्च वाढायला महागाई कारण आहे, आराखड्यातले बदल कारण आहेत, आणि एक न्याय्य कारणही आहे. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. १८९४ च्या जुन्या कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम मिळायची, नव्यात १०० टक्के. वेळेत काम झालं असतं तर सरकारचे पैसे वाचले असते आणि शेतकरी कमी पैशात उठवला गेला असता. उशीर झाला म्हणून काहींना जास्त मिळाले. ज्यांच्या जमिनी आधीच जुन्या दरानं गेल्या, ते आज शेजाऱ्याच्या बांधावर उभे राहून हा फरक बघतात. भाऊबंदकीत त्यामुळे पडलेल्या भेगा कुठल्याही सुप्रमेत भरून निघणार नाहीत.

बुडीत क्षेत्रात ४७ गावं येतात, काही पूर्ण, काही अंशतः. पुनर्वसनाची नवी गावठाणं आखली गेली. तिथे रस्ते आखलेले दिसतात, विजेचे खांब दिसतात, शाळेची इमारत दिसते, आणि माणूस दिसत नाही किंवा तुरळक दिसतो. जुन्या गावात माणूस आहे आणि बाकी काही नवं नाही. याची मुळं कायद्यात आहेत. जुन्या कायद्यात कलम ४ ची अधिसूचना निघाल्यानंतर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेली सुधारणा मोबदल्यात धरली जात नसे. सरळ अर्थ असा की अधिसूचनेनंतर बांधलेली खोली ही न बांधलेली खोली. मग कोण बांधणार? ग्रामपंचायतीलाही बुडणाऱ्या गावासाठी निधी मागताना ऐकून घ्यावं लागतं. अशा गावात जन्मलेलं मूल आता तिशीला आलं. त्याच्या घराला मुलगी द्यायची का, यावर बैठक मोडते, कारण हे घर कुठे असणार हेच सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीच्या आधी मी त्यांतल्या एका गावात गेलो होतो. धाब्याची घरं, बरीचशी एका बाजूला कललेली. मधल्या तुळईला लाकडाचा टेकू दिलेला. गल्लीतल्या चिखलात गाईंच्या खुरांचे ठसे वाळून कडक झालेले. एका घरापुढे एक मावशी भिंतीला चुना देत होत्या. वय साठीच्या पुढचं. बादलीत चुना, हातात सुतळीचा कुंचला, सून खाली शेणानं ओटा सारवत होती. मी विचारलं नाही, तरी त्यांनी तांब्याभर पाणी आणून दिलं. खारट होतं.

भिंतीवर मोजणीच्या वेळी लाल रंगानं टाकलेला घराचा क्रमांक होता, पुसट झालेला. मावशींनी सगळी भिंत पांढरीशुभ्र केली. क्रमांकाजवळ आल्यावर कुंचला आखडला आणि त्याच्या चारी बाजूंनी अंगुळभर जागा सोडत, देवाच्या फोटोभोवती रंगवावं तशा सावकाश कडा रंगवल्या. तो आकडा पुसला तर उद्या हे घर इथे होतं हे सांगायला दुसरं काही नाही. सून ओटा सारवून उठली, मागे सरकून भिंतीकडे बघितलं आणि आकड्याच्या एका कोपऱ्यात चुना थोडा लागल्याचं बोटानं दाखवलं. मावशींनी पदराचं टोक ओलं केलं आणि तो डाग हलक्या हातानं पुसून काढला.